अकरा नंबरच्या जादा खोल्या

३ मार्च, रविवार

आज ठरवलं. एव्हिसला त्या घरातून बाहेर काढायचंच.

दर रविवारप्रमाणे दुपारचं जेवण तिच्याकडे. भाजलेलं मटण, बटाटे, ग्रेव्ही. मटण चिवट होतं. मी तसं तोंडावर सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं, कारण अन्न वाया घालवणं मला पटत नाही.

तीन बेडरूमचं घर, आणि त्यात राहते कोण? माझी थोरली बहीण, वय एकसष्ट, लग्न नाही, मूल नाही, मांजरसुद्धा नाही. एका खोलीत ती झोपते. दुसरीत आईचं कपाट उभं आहे. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण कपाटाला अजून स्वतंत्र खोली हवी! तिसरीत शिवणाचं मशीन. त्यावर तिने उशांच्या अभ्र्यांपलीकडे काही शिवलेलं मी पाहिलं नाही. या दोन जादा खोल्यांपायी सरकार तिच्या भाड्याच्या मदतीतून चांगला लचका तोडतं, मग ती बेकरीतल्या अर्धवेळच्या पगारातून तो भरत बसते. हीटर बंद. घरात कोट घालून वावरते आणि वर मला सांगते, "मला उकडतंच गं."

लोक घरांसाठी रांगा लावून उभे आहेत, आणि या बाईसाहेब कपाटाला खोली देऊन बसल्यात.

मी काय केलं होतं? माझा नवरा लेन गेला तेव्हा कुणी सांगायच्या आत तीन बेडरूमचं घर सोडलं आणि या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आले. सरकारी घरं भाड्याने देणाऱ्या हाउसिंगच्या ऑफिसातली बाई म्हणालीसुद्धा, "तुमच्यासारखे भाडेकरू हवेत, मिसेस टास्कर." मला इथे काहीही कमी पडत नाही. जेवणाचं टेबल मावलं नाही, पण एकट्या बाईला टेबल हवं कशाला? मांडीवर ताट घेऊन टीव्हीसमोर उत्तम जेवता येतं. दुकानात जाताना मी आमच्या जुन्या घराच्या रस्त्याने जात नाही, मागून वळसा घालून जाते. तेवढाच पायांना व्यायाम.

६ मार्च, बुधवार

वरच्या लोकांनी आज पुन्हा जिन्यात शेपूचा वास सोडला. लातवियाहून आलेत. नवरा आंद्रिस, बायको इल्झे, तीन पोरं. दोघंही बंदरावरच्या माशांच्या कारखान्यात, पाळ्या उलटसुलट. पाच माणसं आणि दोन बेडरूम. एवढा समुद्र ओलांडून येताना झोपायचं कुठे याचा विचार कुणी करत नाही वाटतं.

थोरली लिएने जिन्याच्या पायरीवर वह्या पसरून बसलेली. बाजाराच्या पिशव्या घेऊन मी तिच्यावर आपटता आपटता वाचले.

"ही अभ्यासाची जागा आहे का गं?"

"सॉरी, मिसेस टास्कर. वर बाबा झोपलेत."

"मग खोलीत बस."

"खोलीतच झोपलेत."

दुपारी तीन वाजता! पण पायांना मलम चोळता चोळता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन भाडेकरूंना आपापसात घरांची अदलाबदल करता येते, हाउसिंगवाल्यांची हरकत नसते. यांचा फ्लॅट एव्हिसला, एव्हिसचं घर यांना. माझ्या डोक्यावर नाचणाऱ्या फौजेऐवजी एका बाईची दोन पावलं. शिवाय एव्हिस वर राहायला आली की तिच्यावर कुणाचं तरी लक्ष राहील. एकटी असते, कधी पडली-झडली तर कळायचंसुद्धा नाही.

यात माझा स्वतःचा काही फायदा नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

१७ मार्च, रविवार

विषय काढला. एव्हिस ग्रेव्ही ढवळत होती.

"आपण सगळे मेल्यावर त्या खोल्यांचं काय करणार आहेस?"

"मेल्यावर मी काही करणार नाही, ग्लेंडा."

"चेष्टा नको. वरच्यांकडे पाच जणं दाटीवाटीने राहतात आणि तू इथे एकटी. लाज वाटत नाही?"

"वाटते कधीकधी," ती म्हणाली. "पण माझं घर आहे गं हे."

"तुझं नाही. हाउसिंगचं आहे."

"आई इथे गेली. तू याच स्वयंपाकघरात जन्मलीस. नर्स पोचायच्या आधीच."

"जन्मले म्हणून काय आता इथे माझा पुतळा उभारायचाय?"

मग तिने चमचा खाली ठेवला आणि भलतंच विचारलं. "आणि रविवारी तू कुठे जाशील?"

"मी? माझं काय? मला जायला शंभर ठिकाणं आहेत."

तिने चमचा पुन्हा उचलला. तिला मुद्द्यावर टिकताच येत नाही, शाळेत असल्यापासून.

तिचं डोकं ठिकाणावर नाही असं मला वाटायला लागलंय. फडताळात गाजरांचं पोतं आहे. पोतं! एकटी बाई पोतंभर गाजरं कशाला आणते? म्हणे, "स्वस्त मिळाली." तिच्या बुटांत वाळू, कोटावर कसले तरी राखाडी राठ केस. आणि दाराजवळच्या खुंटीवर पुरुषाची टोपी. मी विचारलं तर लाल झाली, म्हणाली नळवाला विसरून गेला. नळवालेही आता टोप्या विसरायला लागले. कुणालाच आपल्या कामाची शिस्त नाही.

२१ मार्च, गुरुवार

एव्हिस फोन उचलत नाही. दर गुरुवारी हेच. बेकरीला तर सुट्टी असते. झोपून राहत असेल दिवसभर. मोठं घर असलं की माणूस आळशी होतो.

३१ मार्च, रविवार

आज मी तोडगाच काढला. इल्झेला घेऊन थेट एव्हिसकडे, ११ नंबरला गेले. एव्हिसला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने कारणं शोधली असती.

इल्झे दारातच अवघडली. "मिसेस टास्कर म्हणाल्या तुम्ही बोलावलंय."

एव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "हो, हो, बोलावलंय," एव्हिस म्हणाली. "आत या. रुबार्बची ग्रेव्ही चालेल का... नाही, ग्रेव्ही काय म्हणतेय मी, पाय. ओव्हनमधला गोड पाय आहे, रुबार्बच्या देठांचा."

गोंधळली की ती कशालाही काहीही म्हणते.

मी इल्झेला वर नेऊन सगळं दाखवलं. एका खोलीत मशीन, एका खोलीत कपाट. "बघ. आहे का नाही उधळपट्टी?" ती बाई शहाणी, कशाला हात लावला नाही. आईच्या खोलीतल्या खिडकीपाशी नुसती उभी राहिली. खाली आल्यावर एव्हिसला म्हणाली, "आम्ही कुणाचं घर काढून घ्यायला आलेलो नाही. मला वाईट वाटतंय."

"तुम्ही झोपता कसे पाच जणं?" एव्हिसने विचारलं. हे विचारण्यासारखं असतं का? पण इल्झेने सरळ सांगितलं.

"आंद्रिस रात्रपाळीहून येतो तोवर मुलींची उठायची वेळ होते. मग तो त्यांच्या गादीवर झोपतो. गादी गरम असते, हिवाळ्यात बरं पडतं." आणि हसली.

एव्हिस हसली नाही. तिने उरलेला सगळा रुबार्ब पाय डब्यात भरून इल्झेला दिला. सगळा! मला अजून एक तुकडा हवा होता. येताना दोघी दारात पाच मिनिटं हात धरून उभ्या. माझी ओळख त्या बाईशी दोन वर्षांची आहे, पण माझा हात धरायचं तिला कधी सुचलं नाही.

१४ एप्रिल, रविवार

जिंकले!

एव्हिस जेवायला बसतानाच म्हणाली, "मी अदलाबदलीला तयार आहे. इल्झेशी बोलणं झालंय."

"माझ्याआधी तिच्याशी बोललीस?"

"तिचं घर बदलणार आहे, ग्लेंडा. तुझं नाही."

उद्धटपणा मी सोडून दिला. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला हे महत्त्वाचं. फक्त ती फार खुशीत दिसते, हे मला खटकतं. आईचं घर सोडताना माणसाने निदान थोडं रडावं. हिच्या ओठांना लिपस्टिक, भांडी घासताना गुणगुणणं. मी लेनचं घर सोडलं तेव्हा... असो. तेव्हा वेगळं होतं.

१० मे, शुक्रवार

हाउसिंगकडून पाहणीला एक पोरगेलासा माणूस आला होता. मिशी फुटायच्या आधी यांना अधिकार देतात. एव्हिसला म्हणाला, "तुमच्याकडे फ्लॅटमध्येही एक खोली जादा ठरेल हं." मी म्हटलं, "ते आम्ही बघून घेऊ. तू तुझी सही कर." केली. या लोकांशी असंच बोलावं लागतं.

जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या. एव्हिससाठी घेतल्या. तिचं मोठं टेबल ती इल्झेला देऊन टाकणार आहे, मग रविवारी जेवायचं कुठे? टेबलाचा एक पाय हलतो, खाली पुठ्ठा लावला की झालं. दोन माणसं अगदी व्यवस्थित बसतात. मी घरी उघडून बसून पाहिलं. तसं एकच माणूस बसलं होतं, पण अंदाज येतो.

१ जून, शनिवार

स्थलांतर पार पडलं. कमरेचा पार भुगा.

सकाळी वरची मंडळी गेली आणि मी त्यांचा फ्लॅट घासायला घेतला. इल्झेने आधीच लख्ख केला होता, पण मी पुन्हा घासला. दुसऱ्याने केलेल्या सफाईचा मला भरवसा नाही.

मग ११ नंबरला. धाकटी दोघं वर-खाली, वर-खाली, घोड्यांसारखी. लिएनेला मशीनची खोली मिळाली. ती आत गेली, दार लावून घेतलं आणि दुपारभर बाहेरच आली नाही. मी आंद्रिसला म्हटलं, "पोरीला शिष्टाचार शिकवा. घरात पाहुणे आहेत." तो म्हणाला, "आतून कडी लावते, काढते, परत लावते. तिच्याकडे आजवर दारच नव्हतं." एवढा दांडगा माणूस आणि हे सांगताना नाक पुसत होता. मी चहा कडू झाला म्हणून बाहेर गेले.

आईचं कपाट एव्हिसने सहज देऊन टाकलं. तिचं सामान एवढंसं. बरीचशी खोकी वर आणली ती चिकटपट्टीसकट तशीच भिंतीला लावून ठेवलीत. म्हटलं, उघडते मी. म्हणाली, "राहू दे गं, घाई काय आहे?" आळशी ती आळशीच.

१६ जून, रविवार

तिच्या चपलांचा आवाज सकाळी साडेसहालाच सुरू होतो. चहा झाला की पाइपवर चमचा वाजवते, म्हणजे मी वर जायचं. मी काय कुत्रा आहे? गेले. बुधवारी वाजवायला उशीर केला तर मीच जिन्यात जाऊन उभी राहिले, मेली की काय बघायला. अंघोळ करत होती.

रात्री दोघी टीव्ही बघतो. ती सगळ्या मालिकांत खुनी कोण ते आधी सांगते आणि ते बरोबर निघतं. असह्य आहे. मी बिस्किटं नेते. आज कोबी उकडला, सबंध इमारतीला वास. टेबल बिलकुल हलत नाही.

आठवडाभर एकत्र जेवलो. माणसाला किती कंटाळा यावा! डॉक्टर म्हणाले रक्तदाब उतरलाय. नव्या गोळ्यांचा गुण.

३० जून, रविवार

लिहिताना कागद फाटतोय. रागाने.

दुपारी जिन्यात एक थोराड म्हातारा. उन्हाने भाजलेला चेहरा, हातात रिकामी खोकी, अंगाला तबेल्याचा वास. मला वाटलं गालिचेवाला. म्हटलं, "बूट पुसून वर जा. आणि तुमच्या नळवाल्याची टोपी आमच्याकडे राहिली होती."

"माझीच ती," तो म्हणाला. "मी क्लिफर्ड. तुम्ही ग्लेंडा ना? फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

मागे एव्हिस उभी. लिपस्टिक लावून.

मेबलथॉर्पला किनाऱ्यावर हा पोरांना गाढवावरून फेऱ्या मारवायचा. आता धंदा बंद, पण दोन म्हातारी गाढवं घरी पाळलीत. दर गुरुवारी ही बाई बसने जाऊन त्या गाढवांना गाजरं भरवत होती! तीन वर्षं! आणि आता त्याच्या बंगलीत कायमची राहायला चाललीय.

"गाढववाला," मी म्हटलं. "साठी उलटून गेल्यावर. गाढववाला."

"पिवळी टोपी घालतात गं गाढवं उन्हाळ्यात," एव्हिस म्हणाली. जणू त्याने प्रश्न सुटतो.

"मग हा फ्लॅट कशाला घेतलास? मी टेबल आणलं!"

"घर नुसतं सोडलं असतं तर यादीतल्या कुणालाही गेलं असतं, नाहीतर हाउसिंगने विकून टाकलं असतं. अदलाबदल केली म्हणून इल्झेला मिळालं. आणि..." ती घडीच्या खुर्चीवर बसली. "आणि तुझ्याजवळ थोडं राहायचं होतं. जायच्या आधी."

"तीन वर्षं होतं हे, मग आधीच का नाही गेलीस? कपाटाच्या खोलीचं भाडं भरत का बसलीस?"

"तू रविवारी यायचीस ना," ती म्हणाली. "लेन गेला, तू घर सोडलंस. दर रविवारी यायचीस, शिव्या घालायचीस, दोनदा वाढून घ्यायचीस. मी गेले तर ही कुठे जाणार, असं वाटायचं. मग तूच म्हणालीस, शंभर ठिकाणं आहेत."

म्हणजे सगळं माझ्यामुळे! थंडीत कोट घालून बसली ती माझ्यामुळे, गाढववाला तीन वर्षं ताटकळला तो माझ्यामुळे! मी कधी मागितलं होतं का तिच्याकडे काही? चिवट मटण खाऊन उपकार मीच करत होते.

क्लिफर्डने मध्ये तोंड घातलं. "आमच्याकडे मागची खोली रिकामीच असते. तुम्ही कधीही या."

"दोन माणसं आणि दोन बेडरूम?" मी म्हटलं. "तुम्हाला लाज वाटायला हवी."

"माझ्या पैशाने बांधलीय हो बंगली."

"म्हणून काय उधळपट्टी उधळपट्टी राहत नाही?" मी दार आपटून खाली आले. तिचंच दार होतं, मला ते दोनदा आपटावं लागलं, पहिल्यांदा नीट लागलं नाही.

१३ जुलै, शनिवार

गेली. व्हॅनमध्ये गवताच्या काड्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं, खाली उतरले नाही. मला कामं होती.

टेबल माझ्याकडे ठेवून गेली. मावत नाही. पलंग भिंतीला सरकवावा लागला.

२१ जुलै, रविवार

काही विशेष नाही. टोस्टवर बीन्स.

२८ जुलै, रविवार

इल्झे काळा ब्रेड घेऊन आली. म्हणाली, "रविवारी आमच्याकडे जेवायला या ना. तुम्हाला घर माहीत आहे."

घर माहीत आहे म्हणे! मी तिथे जन्मलेय. मी म्हटलं, माझे रविवार भरलेले असतात. ब्रेड खाऊन पाहिला. विटेसारखा. संपवला.

८ ऑगस्ट, गुरुवार

वरच्या फ्लॅटमध्ये एक दाढीवाला आणि त्याचा कुत्रा आलाय. दोन बेडरूम. एक त्याला, एक कुत्र्याला. या देशात कुणाला काही सांगण्यात अर्थ उरलेला नाही. कुत्रा शांत आहे. फारच शांत. वरून काहीच आवाज येत नाही.

संध्याकाळी फोन वाजला. एव्हिस. मी तीनदा वाजू दिला.

"पडदे शिवायचेत," ती म्हणाली. "माप घ्यायला दुसरा हात लागतो. क्लिफर्डला एक बाजू धरायला सांगितली तर तो दोन्ही सोडतो."

"तुझे पडदे वाकडेच होणार. अभ्र्यांच्या पलीकडे तुला काय येतं?"

"म्हणून तर," ती म्हणाली.

बसच्या वेळा मला माहीत होत्या. सहज बघून ठेवल्या होत्या, आधी कधीतरी.

१८ ऑगस्ट, रविवार, मेबलथॉर्प

मागच्या खोलीत बसून लिहितेय.

बसमध्ये वाळूच्या बादल्या घेतलेली पोरं आणि त्यांचे लालबुंद आईबाप. क्लिफर्ड थांब्यावर उभा होता, त्याच टोपीत. बॅग घेताना म्हणाला, "जड आहे. बऱ्याच दिवसांचं सामान दिसतंय." मी म्हटलं, "कात्री आणि टेप आहे." नाक खुपसायची सवय.

गाढवांची नावं डचेस आणि विल्फ्रेड. डचेसने माझ्या बाहीला नाक लावलं. घाणेरडं जनावर. तिला दोन गाजरं दिली म्हणजे बाही सोडेल म्हणून. मग चार द्यावी लागली.

पडदे झाले. सरळ झाले, कारण मी होते. जेवायला भाजलेलं मटण. इथल्या ओव्हनमध्येही चिवटच होतं, मी तसं सांगितलं. एव्हिसने मला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं आणि क्लिफर्ड हसला. माझ्या मते तो माणूस जरा मंद आहे, पण भांडी घासतो. लेनने कधी घासली नाहीत.

खोली लहान, गादी फार मऊ. खिडकीतून समुद्राचा आवाज सारखा येतो, कुणी बंद करत नाही. एव्हिसने उशीला नवा अभ्रा घातलाय, शिवण तिरकी. ती दोघं पुढच्या खोलीत झोपतात, म्हणजे ही वर्षभर नुसती पडून असणार. धडधाकट खोली, चार भिंती, छप्पर, पलंग, आणि आत माणूस नाही! वापराविना खोली ठेवणं चूक आहे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलेय.

मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं, आणि गुरुवारपर्यंत राहायचं ठरवलं.